मोजलं की गेलं

चिमाबाई देवाला नारळ घेताना आधी तो कानाशी धरून हलवायची, आणि देवळात फुटला की दोन्ही भकलांवर डोळा ठेवून उभी राहायची. पुजारी मोठं भकल आपल्याकडं ठेवतो, असं तिचं ठाम मत. आता देवाच्या दारात असला हिशेब कुणी करतं का? पण चिमाबाई करायची. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी दहा-बारा घरांची वाडी होती. त्या वाडीत म्हणायचे, चिमाबाईच्या घरात वारासुद्धा विचारून शिरतो.

हसू नका. बाईला तसं व्हायला कारण होतं. नवरा सावळा जिवंत होता तेव्हा नदीकाठी त्यांची भाताची दोन खाचरं होती, लोण्यासारख्या मातीची. मग धरणाचं ठरलं. खाकी टोप्यांची माणसं आली. त्यांनी टेपा ओढल्या, चुन्याच्या रेघा मारल्या, तांबडी निशाणं रोवली. लोकांनी त्यांना ताक पाजलं, चिमाबाईनं तर वर भाकरीही वाढली. "काही नाही मावशी, नुसतं मोजतोय," असं ती माणसं म्हणाली. पुढं खाचरं गेली. सावळाही त्याच पावसाळ्यात तापानं गेला. राहिला तो वरचा माळाचा एक तुकडा, नाचणी-वरईपुरता. तेव्हापासून चिमाबाईनं मनाशी गाठ मारली, की मोजलं की गेलं. पुढं शिरगणतीवाला मास्तर दारात आला, तर तिनं घरात आपण एकटीच राहतो म्हणून सांगितलं. घरात दोघी होत्या.

दुसरी तिची लेक बाया. चालायला लागली तेव्हा ताप आला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं ते पडलंच. आता वीसेक वर्षांची झाली होती. हातांवर सरकत घर-अंगण करायची, दळायची, निवडायची. नाचणी निसवून कणसं आली की राखणीचं काम तिचं. शेतातल्या माळ्याची शिडी ती नुसत्या हातांनी चढायची, वर फळीवर बसायची आणि दिवसभर गोफण फिरवायची. धोंडा सुटला की पलीकडच्या बांधावरचे पोपट कलकलाट करत उडायचे. वाडीतल्या बायका म्हणायच्या, "बाई बाई, काय हात हाय पोरीचा!" आणि लगेच, "पन काय उपेग." दोन्ही वाक्यं एका दमात. बाया ती ऐकून घ्यायची आणि पुढचा धोंडा गोफणीत घालायची.

दिवाळी होऊन कापणी उरकत आली होती. एक दिवस दुपारी वाडीत एक परकी बाई आली. नऊवारी नाही, पाचवारी. पायात पांढरे कापडी बूट आणि गळ्यात शिट्टी. चिमाबाई अंगणात सुपात नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"नमस्कार मावशी. मी रजनी. लोणावळ्याला मुलींच्या शाळेत खेळ शिकवते."

"हितं शाळा न्हाई."

"शाळेचं काम नाही. पायानं, हातानं अधू असलेली माणसं शोधत फिरतेय. त्यांच्यासाठी माघात खेळांच्या शर्यती घ्यायच्यात. बसून खेळायच्या. तुमच्याकडे एक मुलगी आहे असं पेठेत समजलं."

"पेठंत कुनी सांगितलं?"

"दुकानात विचारलं."

"कागद कुटं हाय तुमचा?"

"कागद नाही हो. नुसती विचारायला आले."

कागद घेऊन येणारा लुबाडतो, हे चिमाबाईला पक्कं ठाऊक होतं. पण बिनकागदाचं माणूस आलं म्हणजे याचा डाव त्याच्याहून मोठा असणार!

"न्हाई," ती म्हणाली. "माज्या घरात तसलं कुनी न्हाई. जावा."

तेवढ्यात आतून आवाज आला, "मी हाय की!"

आणि बाया उंबऱ्यावरून सरकत बाहेर आली. रजनीबाईंनी 'अरेरे' म्हटलं नाही, 'कसं झालं' विचारलं नाही. त्या तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि तिचे दंड बघत म्हणाल्या, "गोफण तूच मारतेस ना? मग लोखंडी गोळा फेकून बघशील?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा भाऊ श्रीपाद फौजेत होता. लढाईत त्याचे दोन्ही पाय गेले. फौजेच्या दवाखान्यात त्याला खुर्चीत बसून खेळायला शिकवलं होतं. तो घरी आला तर इथं ना मैदान, ना सोबती. एकट्यानं कसा खेळ होणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी रजनीबाई गावोगाव हिंडत होत्या. सोमाटण्यापासून इकडं कामशेतपर्यंत सगळीकडं दार उघडायचं, 'आमच्यात कुणी नाही' असं ऐकू यायचं आणि दार लागायचं. आत कुणीतरी खोकत असायचं, ते त्यांना ऐकू यायचं.

बाया डोळे मोठे करून ऐकत होती. चिमाबाईही ऐकत होती, पण ती बाईच्या बुटांकडं बघत होती. एवढे पांढरेशुभ्र बूट घालून डोंगरात कोण कशाला तंगड्या तोडील?

संध्याकाळी अंबाजीआबाच्या ओट्यावर सगळी वाडी गोळा झाली. अंबाजीआबा वाडीत सगळ्यांत म्हातारा, त्याच्या शब्दाला मान. शेजारचा शिदू म्हणाला, "आपरेशनवाली आसंल. नसबंदीच्या गाड्या फिरत्यात हल्ली." कुणी म्हणालं, जत्रेत पथारीवर बसवून भीक मागायला लावतात, तसली टोळी असेल. चिमाबाईनं आपल्या पोटातली भीती बाहेर काढली. "आबा, धरनाच्या पायात मानूस द्यावं लागतं म्हनं. त्यासाठी तर न्हाई?"

अंबाजीआबा खेकसला, "खुळी का काय तू? देवाला लंगडं बोकड चालत न्हाई, तर धरनाला लंगडी पोर कशी चालंल? बळी कसा धडधाकट लागतो."

चिमाबाईला हायसं वाटलं. घटकाभरच. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती ताडकन उठली. "म्हंजी माजी पोर बळी द्यायच्या बी लायकीची न्हाई व्हय रं आबा?"

चिमाबाई रडत घरी आली, आणि रात्री बायाला बजावलं, की ती शिट्टीवाली पुन्हा आली तर तोंड उघडायचं नाही.

ती पुन्हा आली. नेमकी चिमाबाई बाजाराला गेली होती त्या दिवशी. हे बायानंच तिला सांगून ठेवलं होतं की काय, ते देव जाणे. मला विचाराल तर, होय.

डोक्यावर पाटी घेऊन चिमाबाई चढण चढून वर आली आणि तिची नजर माळाच्या तुकड्यावर गेली. कापणी झालेल्या शेतात चुन्याची पांढरी रेघ! रेघेपुढं ओळीनं तांबडी निशाणं! ती परकी बाई वाकून टेप ओढतेय, आणि मधोमध, रेघेला टेकून बसलीय तिची पोटची पोरगी, तोंडभर हसत!

पाटी गडगडत खाली गेली. "धावा रं! गेलं! ह्ये बी गेलं!" असं ओरडत चिमाबाई शेतात घुसली. निशाणं उपटून तिनं पायाखाली मोडली. चुन्याची रेघ टाचेनं घासून पुसली. टेप ओढून घेतली आणि ओढ्यात भिरकावली. वाडीतली माणसं काठ्या घेऊन धावली. धरणात सगळ्यांचंच काही ना काही गेलेलं; चुना आणि निशाण दिसलं की तिथं कुणी विचारत बसत नसे.

"आये, थांब! ती रेघ माजी हाय!" बाया ओरडत होती. "माजा गोळा तितवर गेलता, त्ये मोजत्यात!"

"तुजं फेकनं कुनाला कशाला मोजायचंय? दुनियेत फुकट कोन कुनाचं मोजतं का?"

तरी रजनीबाई म्हणाल्या, "मावशी, जमीन नाही हो मोजत. मी तिचं बळ मोजतेय."

घ्या! आता तर चिमाबाईचं माथंच फिरलं. देवानं पोरीच्या अंगात ठेवलं काय, तर तेवढं हातातलं बळ. आणि ही भवानी तेच मोजायला बसली! तिनं रजनीबाईंना बांधापर्यंत ढकलत नेलं. अंबाजीआबानं काठी आपटून, "पुन्यांदा या वाडीत पाय ठिवू नका," असं सांगितलं. रजनीबाईंनी गोळा पिशवीत घातला, बायाकडं एकदा बघितलं आणि त्या उतरणीला लागल्या.

त्यानंतर बाया भांडली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती तर चिमाबाईला सोपं गेलं असतं, भांडणात ती कुणाला हार जात नसे. पोरगी नुसती गप्प झाली. अंगणात येईना. भिंतीकडं तोंड करून बसायची, पुढ्यात आलेली अर्धी भाकरी खायची, उरलेली सरकवून द्यायची. गोफण तिनं चुलीत घातली, ती चिमाबाईनं जळताना बघितली. चिमाबाई वरवर म्हणायची, "निवंल. चार दिस." आणि आतून तिला भलतंच भ्या वाटायचं.

एक दिवस तिनंच नमतं घेतलं. बायाच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, "तुज्याच भल्यासाटी केलं गं."

"आये," बाया भिंतीकडं बघतच म्हणाली, "धरनानं तुजी खाचरं नेली. माजं काय न्यायचं ऱ्हायलंय, सांग की. मला कुनीतरी न्यावं आसंच वाटतंय मला. मोजू दे. गेलं तर माजं जाईल."

चिमाबाईचा हात तिथंच थांबला. वीस वर्षं तिनं या पोरीला घारीपासून पिल्लू राखावं तशी राखली होती. पण कोंबडीचं पिल्लूसुद्धा मोठं झालं की अंगणाबाहेर जातं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

माघ अर्धा सरला होता. शिदूनं बैलगाडीतून धरणाच्या वसाहतीपर्यंत सोडलं, तिथून एस्टीनं कामशेत आणि कामशेतहून गाडीनं लोणावळा. बायाला पाठुंगळी घेऊन चिमाबाई स्टेशनाबाहेर आली. घरून निघताना तिनं स्वतःशी ठरवलं होतं, की बघून यायचं, जरा जरी वंगाळ दिसलं तर तशीच पोर पाठीवर घालून माघारी. कनवटीला खुरपं खोचलेलं होतं, ते वेगळंच.

चिक्कीच्या दुकानापाशी दम घ्यायला तिनं बायाला पायरीवर टेकवलं. मुंबईचा कुणी पाहुणा चिक्कीचे पुडे घेऊन बाहेर पडला आणि जाता जाता त्यानं बायाच्या मांडीवर एक नाणं टाकलं. चिमाबाईनं ते उचलून त्याच्या पाठीवर फेकून मारलं. "आमी भिकारी दिसलो व्हय रं तुला? पोरीचं पाय दिसलं, तोंड न्हाई दिसलं?" तो गृहस्थ पुडे सांभाळत पळाला. बाया मात्र मान खाली घालून बसली होती. चिमाबाईला वाटलं, आत्ताच हिला उचलावं आणि घरी न्यावं. पण बाया म्हणाली, "चल आये. फुडं."

शाळेच्या फाटकात विठ्ठल नावाचा शिपाई स्टुलावर बसला होता. त्यानं दोघींकडं खालून वर पाहिलं. "काय पाहिजे? वर्गणीबिर्गणी इथं मिळत नाही."

"रजनीबाईस्नी भेटायचंय."

"काम काय? कुणी पाठवलं? चिठ्ठी आहे का कुणाची?"

"चिठ्ठी न्हाई. नुसती भेटायला आलोय."

"असं कसं? या मुलीला काय करायचंय इथं?"

चिमाबाईनं तोंड उघडलं आणि ती अडखळली. बायाला काय झालंय, हे तिनं आजवर शंभर जणांना सांगितलं होतं. बायाला काय करायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं, तीही नाही.

"खेळायचंय," ती म्हणाली.

विठ्ठलच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"खेळायचंय म्हंते न्हवं! लोखंडाचा गोळा फेकायचाय हिला! दात काय काढतुयास, फाटक काढ!"

एवढा आरडाओरडा ऐकून रजनीबाईच बाहेर आल्या. चिमाबाईला बघून त्या फाटकाच्या आतच थांबल्या. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. "आता काय मोडायचं राहिलंय मावशी?" त्यांनी विचारलं.

"पोरीला घिऊन आलेय. शर्यतीला."

रजनीबाईंचा राग उतरला, पण चेहरा मात्र पडला. "शर्यती झाल्या हो. गेल्या रविवारी."

चिमाबाई मटकन खालीच बसली, पाठीवरच्या पोरीसकट. इतकी वर्षं ती संशय जपत आली होती. त्यानं तिचं एक ढेकूळसुद्धा वाचवलं नव्हतं, आणि आज पोरीचा दिवस मात्र घालवला. तिला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

बाया रडली नाही. तिनं आईच्या खांद्यावरून विचारलं, "फुडल्या साली हाईत का बाई?"

"माणसं जमली तर. यंदा सगळी मिळून पाच आली."

"मग सा धरा," बाया म्हणाली.

मागच्या मैदानावर श्रीपाद चाकाच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी घेऊन. डोळे पुसून होतात न होतात, तोच चिमाबाईच्या मनातली पाल चुकचुकली. कशावरून हा खरा? ती सरळ गेली आणि तिनं घोंगडी वर करून बघितली. रजनीबाई "अहो मावशी!" म्हणून पुढं धावल्या, पण श्रीपाद पोट धरून हसला. "बघू दे गं. मावशी, नीट बघा. पेन्शनीच्या कचेरीतपण दर वेळी असंच बघतात, पाय परत उगवले की काय म्हणून!"

घोंगडीखाली खरंच काही नव्हतं. चिमाबाईनं ती हळूच नीट केली, दोन्ही बाजूंनी खोचली आणि म्हणाली, "थंडी हाय. पांगरून बस लेकरा."

त्या दिवशी त्या दोघी गोळा घेऊन घरी आल्या. रजनीबाईंनी तो वर्षभरासाठी दिला, फुकट. चिमाबाईनं वाटेत तीनदा तो उलटासुलटा करून बघितला. मग वर्षभर माळाच्या तुकड्यावर रोजचा एक नवा उद्योग सुरू झाला. बाया रेघेशी बसून गोळा फेकायची आणि तो परत आणून द्यायचा चिमाबाईनं. गोफणीची सवय, त्यामुळं सुरुवातीला गोळा भलतीकडंच जायचा; एकदा तर शिदूच्या परड्यात पडला, कोंबडी थोडक्यात वाचली. चिमाबाई वाकून वाकून करवादायची, "मेला जड बी किती! आनी मीच आनायचा!" पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. कुणी बदलून नेला तर? महिन्यातून एकदा लोणावळ्याची फेरी व्हायची. शिपाई विठ्ठल आता लांबून बघितलं की फाटक उघडायचा, आणि चिमाबाई त्याला विचारायची, "आज लवकर उघाडलंस, काय इशेष?"

पुढच्या माघात अकरा जण आले. कुणी कुबडीवर, कुणी भावाच्या खांद्यावर. सोमाटण्याहून एक आंधळी बाई आली होती, तिचं गाणं ठेवलं होतं शेवटी. खुर्च्या खुंट्यांना बांधून पक्क्या केल्या होत्या. बायाला खुर्चीत बसवल्यावर चिमाबाईनं गाठी स्वतः ओढून बघितल्या. मग जी ती टेपवाल्या मास्तरापाशी जाऊन उभी राहिली, ती हललीच नाही.

बायानं गोळा फेकला. चांगला गेला. मास्तरानं वाकून आकडा सांगितला आणि दुसऱ्या कुणाचा तरी टीचभर पुढं निघाला.

"थांबा!" चिमाबाई गरजली. "टेप सैल व्हती. मी बघितलं. परत मोजा!"

"मावशी, बरोबर मोजलंय."

"माज्या पोरीचं हाय त्ये! परत मोजा म्हंते न्हवं! ताणून धर की रं नीट, खाल्लं न्हाईस का सकाळी?"

सगळं मैदान हसायला लागलं. बायानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रजनीबाईंनी मास्तराला खूण केली, त्यानं टेप ताणून पुन्हा मोजलं. पहिल्यापेक्षा दोन बोटं कमीच भरलं. चिमाबाई खाली वाकून टेपेवरच्या, तिला न वाचता येणाऱ्या आकड्यांकडं बराच वेळ बघत राहिली, आणि मग बाजूला झाली.

बाया चौथी आली. बक्षीस तिघांनाच होतं.

परतीच्या गाडीत दोघींना खिडकीशी जागा मिळाली. बाया दमून आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. समोर तळेगावची एक बाई बसली होती, चांगल्या घरातली. तिनं बायाच्या पायांकडं बघून जीभ चुकचुकवली. "बिचारी! जन्मापासूनच का हो अशी?"

चिमाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पोरीच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"चौथी आली आज," ती म्हणाली. "लोनावळ्यात. गोळाफेकीत. अकरा जनांत." आणि जरा पुढं वाकून, कुणी ऐकत नाही असं बघून पुढं म्हणाली, "टेपवाला लबाड व्हता, न्हाईतर तिसरीच व्हती."